उभी गाडी लवकर कुजते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आयतवारच्या पुरवणीत तुम्ही 'टेन्शन फ्री' जगण्याच्या टिप्स दिलेल्या त्या वाचल्या आणि खरं सांगते, चहा पिता पिता हसू आलं. पहाटे उठा, मोबाईल लांब ठेवा, खोल श्वास घ्या, सतत काळजी करणाऱ्या माणसांपासून दूर राहा. शेवटचं ऐकून आमचे हे म्हणाले, मग तुझ्यापासून दूर जायला मला कुठे बिऱ्हाड करावं लागेल, गोव्याच्या पार दुसऱ्या टोकाला काणकोणला? आता लेखात चुकीचं असं काही नाही, श्वास घेतलेला बराच, पण लिहिणाऱ्याने टेन्शन म्हणजे घरात शिरलेली घूस असल्यासारखं लिहिलंय, मारली की घर शांत. तसं नसतं हो. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, मयेकडची, मायनिंगच्या ट्रकवर संसार उभा राहिलेल्या घरातली बाई, टेन्शनशी माझी ओळख जुनी आहे म्हणून म्हटलं चार ओळी लिहाव्या. चारच्या चाळीस झाल्यात. कापायचं तर मधलं कापा, शेवटी एक नंबर दिलाय तो तेवढा ठेवा.

2012 चा सप्टेंबर आमच्या पट्ट्यात कोणी विसरणार नाही. बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शाह कमिशनचा रिपोर्ट संसदेत मांडला गेला, दोनचार दिवसांत राज्य सरकारने खाणी थांबवल्या, आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचीही बंदी आली. बंदी बरोबर की चूक हा वाद मला इथे घालायचा नाही, विहिरी आटलेल्याही आम्हीच बघितल्यात आणि भाताच्या शेतात उतरलेली लाल माती पण. मी फक्त घरातलं सांगते. आमचा टिप्पर, म्हणजे खनिज ओढायचा ट्रक, तेव्हा दीड वर्षाचा होता, म्हणजे बँकेचे साडेतीन वर्षांचे हप्ते शिल्लक. चतुर्थीच्या तोंडावर गाडी घरी आली ती मागच्या फणसाखाली लावली, दोन महिन्यात सुरू होईल म्हणून. सगळे तेच म्हणत होते, दोन महिने. मग शिगम्यानंतर. मग निवडणुकीनंतर.

त्या फणसाखालच्या गाडीने मला जे शिकवलं ते कुठल्या पुरवणीत आलेलं नाही. पहिल्या पावसाळ्यात चाकांच्या मधून गवत वर आलं. मग बॅटरी उतरली. टायर जमिनीला टेकलेत तिथे चपटे व्हायला लागले, ब्रेक जाम, उंदरांनी वायरी खाल्ल्या, केबिनमध्ये मांजर व्यालं. दीड वर्षाची गाडी, आणि पाच वर्षं रात्रंदिवस खनिज ओढलेली गाडी हिच्यापेक्षा बरी दिसत असेल! तेव्हा हे मला म्हणाले, चालून झिजते त्याच्या दुप्पट उभी राहून कुजते. आणि मग दर आयतवारी सकाळी हे इंजिन स्टार्ट करून दहापंधरा मिनिटं चालू ठेवायचे, गाडी हातभर पुढे घ्यायचे, हातभर मागे. शेजारच्यांना वाटायचं ह्याचं डोकं फिरलं, गिऱ्हाईक नाही, परमिट नाही आणि डिझेल जाळतोय.

गंमत म्हणजे गाडीला जे कळत होतं ते स्वतःला लागू करायचं त्यांना सुचत नव्हतं. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस सोप्यावर बसून. दाढी वाढलेली, पेपर दोनदोनदा वाचायचा (तुमचाच हां), कोणी आलं की आत. मी काही बोलले की 'सुरू होऊ दे मग बघू'. मी सांगते ना, माणूस टेन्शनने जेवढा खचत नाही तेवढा ह्या 'मग बघू'ने खचतो.

आता दुसरी बाजू पण ऐका, कारण 'जेवढा त्रास तेवढा माणूस कणखर' असं भाषण ठोकणारेही खूप झालेत, आणि त्यांचा मला टिप्सवाल्यांपेक्षा जास्त राग येतो. ट्रकवाल्याच्या बायकोला ओव्हरलोड म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पाटे असतात ना चाकांच्या वर, एकावर एक पट्ट्या, ते भार घेण्यासाठीच असतात, गाडी रिकामी असली तर ती खड्ड्यात जास्त उडते, मापाचा माल असला तर कशी रस्ता धरून चालते. पण फेऱ्या वाढवायच्या हौसेने माल वर वर भरला की एक दिवस चढणीवर काड्कन आवाज येतो आणि पाटा तुटतो. तुटलेला पाटा आणखी भार घालून मजबूत होत नाही. तो वर्कशॉपला न्यावा लागतो.

हे मी एकदा मुलीला बोलले तर ती म्हणाली आई, हे आमच्या पुस्तकात आहे. ती नर्सिंग शिकलीय. हान्स सेली म्हणून एक डॉक्टर होऊन गेले कॅनडात, त्यांनी 1936 साली उंदरांवरच्या प्रयोगांवरून लिहिलं की कसलाही ताण आला तरी शरीर आधी दचकतं, मग नेट लावून तोंड देतं, आणि ताण हटलाच नाही तर शेवटी थकून कोसळतं. तीन पायऱ्या. स्ट्रेस हा शब्दच मुळात लोखंडाबिखंडावर पडणाऱ्या भाराचा, इंजिनीयर लोकांचा, तो तिथून माणसाला लागला. आणि ह्याच डॉक्टरांनी पुढे चांगला ताण आणि वाईट ताण असे दोन वेगळे केले. म्हणजे आमच्या पाट्याचीच गोष्ट, फक्त इंग्रजीत.

दुसरं उदाहरण घरातच घडलं. सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मला वाटलं आता तीन महिने अंथरुणात, मी तर खाली घालायला जुनी लुगडी काढून ठेवलेली. दुसऱ्याच दिवशी ती फिजिओथेरपीवाली मुलगी आली आणि म्हणते आजी, उभ्या राहा. आई तिला काय काय बोलल्या ते छापता येणार नाही. पण ती हसत हसत वॉकर धरून दोन पावलं टाकायला लावून गेली, दुसऱ्या दिवशी चार. माझी मुलगी म्हणाली हाडावर भार पडला तरच हाड भरतं, युलियस वोल्फ नावाच्या जर्मन डॉक्टरने हे एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवलंय. अंतराळात जातात त्यांच्या हाडांवर भार नसतो तर खुब्याची हाडं महिन्याला टक्का दीड टक्का विरळ होतात, म्हणून त्यांना तिथे वर रोज दोनेक तास व्यायाम करायला लावतात. मला हे ऐकून इतकं बरं वाटलं काय सांगू. आईंना पण सांगितलं. त्या म्हणाल्या, मग त्यांना खाली बोलाव आणि पाणी ओढायला लाव.

पण बघा, ती फिजिओवाली पहिल्या दिवशी दोनच पावलं म्हणाली. आणि पावलं टाकून झाली की झोपवलं, पाठीला उशी लावली. भार, मग आराम, मग थोडा जास्त भार. मधला आराम काढून टाकला तर तो नुसता छळ. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे खरं तर, पण ते मला समजायला बरीच वर्षं गेली.

आमचं काय झालं ते सांगते. 2013 च्या मे महिन्यात बँकेची तिसरी नोटीस आली त्या दिवशी मी ह्यांना न विचारता नाक्यावरच्या एका हॉटेलवाल्याला भेटून आले, चपात्या लागतात का म्हणून. तो म्हणाला रोज चाळीस आणून दे. चाळीस चपात्या म्हणजे काय हो, घरात लग्नकार्यात दोनशे लाटलेल्या. पण पैशासाठी लाटायच्या म्हटल्यावर पहिल्या दिवशी हात थरथरत होता, तीन करपल्या, एक खाली पडली, आणि डबा घेऊन बसमधून जाताना ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मी पदर कानावर घेऊन बसले होते. ट्रकवाल्याची बायको ना मी. दुसऱ्या आठवड्यात कानावरचा पदर खाली आला. महिन्याभराने मीच बसमध्ये एकीला विचारलं, तुमच्या कॅन्टीनला लागतात का?

आणि अनिश्चितपणा म्हणजे काय ते ह्या धंद्याने दाखवलं. रात्री दहाला फोन यायचा, उद्या शंभर नको, तीसच. किंवा तीस नको, दोनशे, बस येणार आहे टुरिस्टांची. पहिले पहिले मी रात्री आठलाच पीठ मळून ठेवायची आणि मग फोन आला की रडायची, एकदा तर पाच किलो मळलेलं पीठ, ते शेवटी गुरांना घातलं. मग अक्कल आली. फोन येईपर्यंत पीठ मळायचं नाही. पीठ चाळून, मीठ घालून कोरडं तयार ठेवायचं, पाण्याचा तांब्या बाजूला, आणि झोपायचं. दोनशेचा फोन आला तर जाऊबाईला हाक मारायची, तिला चपातीमागे तिचे पैसे. तीसचा आला तर देवाचं नाव घेऊन परत आडवं व्हायचं. फोन काही माझ्या हातात नाही, तो आजही वेळेवर येत नाही. पण छातीत जे धडधडायचं ते बंद झालं. म्हणजे अगदी बंद नाही, दोनशेच्या फोनला अजून एक ठोका चुकतो, पण आता त्या धडधडीबरोबर हात पण हलायला लागतात.

हे पण हळूहळू उठले. कसे म्हणाल तर चपात्यांचे डबे पोचवायला स्कूटर लागली आणि मला चालवता येत नव्हती. भाषण कोणी दिलं नाही त्यांना. सकाळी साडेसहाला डबा तयार आणि चालवणारे तेच, एवढंच. 2018 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने खाणींच्या 88 लीज रद्द केल्या आणि मधे सुरू झालेल्या खाणी मार्चमध्ये दुसऱ्यांदा बंद पडल्या तेव्हा आमच्या वाड्यावर परत रडारड झाली, पण हे त्या दिवशी पण डबे पोचवून आले आणि म्हणाले, फणसाखालची जागा झाडून ठेव. तो टिप्पर आम्ही त्या वर्षी विकला. नुकसानीतच गेला, पण स्टार्ट होत होता म्हणून निदान भंगाराच्या भावात नाही गेला. ते आयतवारचं डिझेल वाया गेलं नाही.

मग 2020 चा मार्च. तुम्हाला आठवत असेल आपल्याकडे पहिले काही दिवस किराणा दुकानंसुद्धा बंद होती, लोकांची काय तारांबळ उडाली. चपात्यांची ऑर्डर शून्य. पण मला घाबरायला तेवढं झालं नाही कारण घरात आईंचं पुरुमेत होतं. हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं, पुरुमेत म्हणजे पावसाळ्याची बेगमी, मे महिन्यात करून ठेवायची, मीठ, मिरसांगो (मिरच्या), सोलां (आमसुलं), सुकी सुंगटां (कोळंबी), आंबोशी, कुळीथ, कांद्याच्या माळा. पूर्वी आमच्याकडे चार महिने नदी नाले भरले की बाजार बंदच व्हायचा. आता सुपरमार्केट आहे तर आई हे कशाला करतात म्हणून मीच त्यांना हसायची, गेल्या वर्षीचे कुळीथ डब्यात तसेच आहेत म्हणून कुरकुरायची. त्या मार्चपासून महिनाभर तेच कुळीथ खाल्ले. पाऊस किती पडणार हे त्या पिढीला माहीत नव्हतंच की, हवामान खात्याचं ॲप नव्हतं, पण 'पडणार' हे धरून त्या कामाला लागायच्या. काळजी म्हणून नुसती उशाला घेऊन झोपायची वस्तू नव्हती ती, तिची बरणी भरून माळ्यावर ठेवायची.

माझं माहेर चोडणला, खाजन शेतीचं गाव. तिथली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नदीचं खारं पाणी दिवसातून दोनदा भरतीला वर येतं आणि शेतं भरतीच्या पातळीच्या खाली, मधे मातीचा बांध. बांधाला मानस असते, लाकडी दारांची. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या जोरानेच दारं बंद होतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात आणि आतलं जास्तीचं पाणी बाहेर पडतं. लहानपणी मी तासन् तास बघत बसायची. ज्या पाण्याची भीती त्याच पाण्याकडून दार लावून घ्यायचं, काय डोकं असेल त्या लोकांचं! आणि तिथे कोरगुट म्हणून भात लावायचे, खारट जमिनीत तग धरणारं. जया, ज्योती हे नवे भात आले, त्यांचं पीक जास्त, पण बांधातून खारं पाणी झिरपलं की ते माना टाकतात, कोरगुट उभं राहतं. उतारा कमी देतं हे पण खरं, उगाच गोडवे गायचे नाहीत. पण कोरगुटाला पण उन्हाळ्यात मुरलेलं मीठ पहिल्या पावसाने धुऊन जायला लागतं, आणि बांध फुटून शेत कायमचं खाऱ्या पाण्याखाली गेलं तर कोरगुट सुद्धा येत नाही. भरतीबरोबर ओहोटी लागतेच.

आता मुद्द्याचं, ज्याच्यासाठी मुळात लिहायला घेतलं. आपल्या गोव्यात टेन्शन नको म्हणून लोक जे करतात ना त्याचं नाव सरकारी नोकरी. माझा मुलगा डिप्लोमा झाला, त्या दिवसापासून पाहुणे एकच विचारतात, अर्ज भरला का, कोणी ओळखीचा आहे का. 2024 च्या शेवटी नोकऱ्यांसाठी लाखो रुपये दिल्याची प्रकरणं बाहेर आली, अटका झाल्या, ते तुमच्याच पेपरात रोज पहिल्या पानावर होतं. तेव्हा सगळे फसवणाऱ्यांना शिव्या देत होते, द्याव्याच. पण माझ्या नात्यातल्या एका घराने बायकोचे दागिने गहाण ठेवून पैसे दिले, ना नोकरी ना पैसे, आणि तो मुलगा चार वर्षं 'ऑर्डर येणार आहे' म्हणून घरी बसून. चार वर्षं! वयाच्या तेविसाव्या वर्षी फणसाखाली लावलेला. मी त्याच्या आईला म्हटलं, अगं तोपर्यंत त्याला कुठे तरी कामाला जाऊ दे, तर म्हणते प्रायव्हेटमध्ये टेन्शन असतं गो, कधी काढून टाकतील सांगता येत नाही. मी गप्प बसले. नात्यात काय बोलणार.

सरकारी नोकरी वाईट म्हणत नाही मी, मिळाली तर आनंदाने करावी, पेढे मी पण वाटीन. पण पोराला कशाचीच धग लागू नये म्हणून आपण जे जपतो त्यात पोराची बॅटरी उतरते हे आपल्याला दिसत नाही. बस चुकली तर बाबा बाईकवरून सोडतात, वही विसरली तर आई शाळेच्या गेटवर हजर, मास्तर ओरडले तर व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रार. ही छोटी छोटी टेन्शनं म्हणजे फिजिओवालीची दोन पावलं आहेत हो, ती टाकू दिली नाहीत तर मोठं आलं की सरळ पडणारच. माझा मुलगा आज वेर्ण्याला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, दर वेळी शेवटच्या आठवड्यात त्याचा चेहरा उतरतो. मागच्या वेळी मी काही बोलले नाही, फक्त त्या आठवड्यात त्याच्या आवडीचं सुंगटांचं हुमण केलं आणि लवकर झोपायला लावलं. त्याने स्वतःच संध्याकाळचा एसी रिपेअरिंगचा कोर्स लावून घेतलाय, कॉन्ट्रॅक्ट गेलं तर म्हणून. हे त्याला मी सुचवलेलं नाही.

आणि सगळेच सावरतात असं नाही, हे लिहिलं नाही तर मी पण त्या भाषणवाल्यांसारखीच. आमच्याच वाड्यावर दोन ट्रकवाला एकजण होता, आमच्यापेक्षा हिंमतीचा, तो दारूत गेला. तो कमकुवत होता असं म्हणणाऱ्याला मी उंबऱ्याच्या आत घेणार नाही. त्याला दोन गाड्यांचं कर्ज होतं, सोबत कोणी नव्हतं आणि ओहोटी काही आलीच नाही. आम्हाला जाऊबाई होती, आई होत्या, स्कूटर होती. एवढाच फरक.

मुलीने सांगितलेली आणखी एक गोष्ट मला फार आवडली. आपल्या गोव्यातच 'मानस' नावाने एक मोठा अभ्यास झालाय, 2010 साली लॅन्सेट ह्या नामांकित मेडिकल साप्ताहिकात छापून आलाय. 24 दवाखाने घेतले, अर्धे सरकारी, अर्धे खाजगी, आणि उदास राहणाऱ्या, सतत काळजीने पोखरलेल्या पेशंटशी बोलायला डॉक्टर नव्हे तर साधी माणसं शिकवून बसवली, डॉक्टरची गरज लागली तरच पुढे. सरकारी केंद्रांत त्याचा चांगला फरक दिसला, खाजगीत तेवढा नाही. म्हणजे शेजारी बसून नीट ऐकून घेणारं माणूस मिळालं तरी पुष्कळ होतं. त्या अभ्यासाला आणि आमच्या चोडणच्या बांधाच्या दाराला एकच नाव हा योगायोग असेल, पण मला तो देवाने केलेला वाटतो. आणि आता तर सरकारची फोनसेवा पण आहे, टेली मानस, ऑक्टोबर 2022 पासून, नंबर 14416, चोवीस तास, फुकट. ज्याची झोप गेलीय, जेवण तुटलंय, जगण्यातच राम नाही असं ज्याला वाटतंय त्याला माझ्या चपात्यांची गोष्ट सांगू नका, हा नंबर द्या आणि बाजूला बसा. बांबोळीला मनोरुग्णांचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथे जाण्यात लाज कसली, पाटा तुटला तर आपण वर्कशॉपला जातोच ना.

पुरवणीत हा नंबर एकदा मोठ्या अक्षरात छापा एवढी विनंती. जागा कमी पडली तर त्या खोल श्वासाच्या फोटोवाल्या बाईला जरा बारीक करा.

आता थांबते. दहा वाजून गेलेत, उद्याच्या चपात्यांचा फोन अजून आला नाही. पीठ चाळून ठेवलंय, मळलेलं नाही.

आपली,
एक जुनी वाचक, मये (डिचोली)